आधी कागदावर भाकीत, मग फ्लास्कमध्ये बॅक्टेरिया: उत्क्रांतीच्या प्रयोगांची सुरुवात कशी करायची

मायक्रोबायोलॉजीचं एमएस्सी करणारी मुलं हमखास विचारतात, मला बॅक्टेरियाच्या इव्होल्युशनवर काम करायचंय, तर मॉडेलिंग (गणिताने भाकीत करणं) शिकू की वेट लॅबला (प्रत्यक्ष बॅक्टेरिया वाढवायच्या लॅबला) जाऊ? माझं मत असं की हा प्रश्नच सोडून द्या, दोन्ही करा आणि एकाच वहीत करा. डाव्या पानावर काय होईल असं वाटतं ते आकड्यात लिहायचं, उजव्या पानावर प्लेटवर खरंच काय दिसलं ते. मॉडेल म्हणजे प्रयोग संपल्यावर पेपरात चिकटवायची शोभेची वस्तू नाही, किती ट्यूब लावायच्या, किती दिवस चालवायचं, किती कॉलनी (एकेका पेशीपासून प्लेटवर वाढलेले ठिपके) मोजायच्या हे सगळं मॉडेलच सांगतं. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी घाबरू नका, खालच्या सगळ्या हिशोबाला बारावीचा लॉग आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

हे दोन्ही एकत्र केलं की काय होतं त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९४३ चं आहे. बॅक्टेरियावर फेज व्हायरस टाकला की बहुतेक मरतात आणि थोडे वाचतात, मग हे वाचलेले बॅक्टेरिया व्हायरस भेटल्यावर बदलले की आधीपासूनच बदललेले होते, यावर भांडण होतं. साल्वादोर ल्युरिया तेव्हा ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत होते, तिथल्या एका पार्टीत स्लॉट मशीनवर खेळणारा सहकारी बघताना त्यांना सुचलं की बऱ्याच वेळा काहीच न मिळणं आणि मधूनच घबाड लागणं हाच तर पुरावा होऊ शकतो. बदल आधीच झाला असेल तर काही ट्यूबमध्ये तो लवकर झालेला असणार, त्याची पिल्लावळ मोठी असणार, म्हणजे वीस वेगळ्या ट्यूब वाढवून वीस प्लेटवर मोजलं तर बऱ्याच प्लेटवर जवळपास काही नाही आणि एखाद्या प्लेटवर खच पडलेला, असं दिसेल. बदल व्हायरस भेटल्यावर होत असेल तर सगळ्या प्लेटवर साधारण सारखेच आकडे येतील, व्हेरियन्स (आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) आणि सरासरी जवळपास सारखी. मॅक्स डेलब्रुक व्हॅन्डरबिल्टला होते, ल्युरियांनी त्यांना कळवलं आणि त्यांनी गणित करून पाठवलं. व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी पट निघाला. १९६९ चं नोबेल या दोघांना आल्फ्रेड हर्शी यांच्यासोबत मिळालं. इथे यंत्र कुठलंच भारी नव्हतं, ट्यूब आणि प्लेट एवढंच, कमाल होती ती आधी विचार करून ठेवण्यात की दोन शक्यतांपैकी कुठली खरी असेल तर आकडे कसे वेगळे येतील.

पायरी १: चुकू शकेल असा प्रश्न घ्या

"मातीतल्या बॅक्टेरियाची विविधता अभ्यासणे" हा प्रश्न नाही, तो कधी चुकूच शकत नाही, काहीही आलं तरी रिपोर्ट लिहिता येतो. प्रश्न असा हवा की उत्तर हो किंवा नाही येईल आणि दोन्हीतून काहीतरी कळेल. एक चांगला नमुना सांगतो. ई. कोलाय या बॅक्टेरियाचे तीन स्ट्रेन (उपप्रकार) घ्या, एक कोलिसिन नावाचं विष सोडतो, दुसरा त्या विषाने मरतो, तिसऱ्यावर विषाचा परिणाम होत नाही. विषवाला संवेदनशीलाला मारतो, विष न लागणारा विषवाल्यापेक्षा जोरात वाढतो कारण त्याला विष बनवायचा खर्च नाही, आणि संवेदनशील त्याच्याहून जोरात वाढतो कारण त्याला प्रतिकाराचाही खर्च नाही. म्हणजे दगड-कागद-कात्री. बेंजामिन कर आणि सहकाऱ्यांनी आधी कॉम्प्युटरवर चौकटींच्या जाळीत हे चालवलं, शेजारी शेजाऱ्याशीच भिडत असेल तर तिघं टिकतात आणि सगळं ढवळलं तर टिकत नाहीत असं दिसलं, मग तेच प्रत्यक्ष लावलं, एक हलता फ्लास्क, एक प्लेट जिच्यावरचा नकाशा न मोडता पुढच्या प्लेटवर छापायचा, आणि एक प्लेट जिच्यावरचं सगळं दरवेळी मिसळायचं. न ढवळलेल्या प्लेटवरच तिघं टिकले. २००२ चं काम आहे. प्रश्न केवढा छोटा बघा, "ढवळलं तर काय होतं?"

तुम्ही पहिल्यांदा करताय तर याहून सोपं घ्या: दोन स्ट्रेन एकत्र वाढवले तर कोण पुढे जातो आणि किती वेगाने. पुढचं सगळं यावरच सांगतो, कारण हा एक प्रयोग नीट जमला की बाकीचे याच्यावरच बांधायचे असतात.

पायरी २: जीव निवडा, आणि डोळ्याने ओळखता येतील असे निवडा

ई. कोलायचे के-१२ किंवा बी वंशाचे लॅब स्ट्रेन, बेकरीचं यीस्ट, बॅसिलस सबटिलिस, यातलंच काहीतरी घ्या. हॉस्पिटलमधून आलेले आयसोलेट (रुग्णांकडून मिळालेले बॅक्टेरिया), अनोळखी काहीही, नको. अँटिबायोटिकचा डोस वाढवत वाढवत रेझिस्टन्स तयार करणं हा पहिल्या प्रोजेक्टचा विषय नाही, कितीही सोपा वाटला तरी नाही, आणि जे काही कराल ते कॉलेजच्या बायोसेफ्टी समितीला कळवून करा. स्ट्रेन चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीएमआर या सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संस्थांमधून रीतसर मागवता येतात, वर्षानुवर्षं फ्रिजमधल्या स्लँटवर पडलेलं कल्चर वापरू नका कारण ते तिथे पडल्या पडल्या काय झालंय ते कुणालाच माहीत नसतं.

दोन स्ट्रेन वेगळे ओळखायला मार्कर, म्हणजे ओळखीची खूण, लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यात सोपा म्हणजे लॅक, म्हणजे लॅक्टोज वापरता येतं की नाही: मॅकॉन्की अगारच्या प्लेटवर लॅक पॉझिटिव्ह गुलाबी, लॅक निगेटिव्ह रंगहीन. रिचर्ड लेन्स्कींनी सुरू केलेल्या ई. कोलायच्या इव्होल्युशनच्या प्रसिद्ध प्रयोगात (त्याचं सेटअप पायरी ३ मध्ये) अरॅबिनोज ही साखर वापरू शकणारे आणि न शकणारे असे दोन प्रकार आहेत, टेट्राझोलियम अरॅबिनोज प्लेटवर न शकणारे लाल आणि शकणारे पांढरे दिसतात. पण मार्कर लावला म्हणजे झालं असं नाही. आधी तेच दोन मार्करवाले, बाकी सगळं सारखं असलेले, एकमेकांविरुद्ध लावून बघायचं, रंगामुळेच एखादा पुढे जात नाही ना. हा कंट्रोल सोडून पुढचं काहीही करू नका, कितीही घाई असली तरी.

पायरी ३: फ्लास्कला हात लावायच्या आधी हिशोब

इथे जरा थांबून वाचा, कारण याच पायरीवर लोक सगळ्यात जास्त घाई करतात.

लेन्स्कींचं सेटअप डोळ्यासमोर ठेवू. २४ फेब्रुवारी १९८८ ला सुरू झालेलं, एकाच स्ट्रेनपासून १२ फ्लास्क, प्रत्येकात १० मिली मीडिया (बॅक्टेरियाचं द्रव खाद्य), ग्लुकोज फक्त २५ मिलिग्रॅम प्रति लिटर, रोज ०.१ मिली उचलून ९.९ मिली नव्या मीडियात टाकायचं. म्हणजे रोज १०० पट पातळ आणि रोज १०० पट वाढ. १०० पट म्हणजे २ चा कितवा घात? ६.६४. म्हणजे दिवसाला साधारण ६.६ पिढ्या. ग्लुकोज इतकं कमी का, तर पेशी विरळ राहतात, मिलीला साधारण ५ कोटी, त्यामुळे एकमेकांनी टाकलेला कचरा खाणं, एकमेकांना त्रास देणं वगैरे भानगडी कमी होतात आणि साधं मॉडेल लागू पडायची शक्यता वाढते. म्हणजे मीडिया सुद्धा थिअरी बघून ठरवायचा असतो.

आता भाकीत. दोन स्ट्रेन निम्मे-निम्मे सोडले. एकाचा फिटनेस १.१ आहे, म्हणजे त्याच वेळात तो दुसऱ्यापेक्षा १० टक्के जास्त वेळा दुप्पट होतो. दोघांच्या प्रमाणाचा (जिंकणारा भागिले हरणारा) नॅचरल लॉग घ्या, तो रोज साधारण ०.४५ ने वाढेल. तर एका दिवसाने ३०० कॉलनी मोजल्या तर १५० ऐवजी १८० च्या आसपास जिंकणाऱ्याच्या दिसतील. छान, दिसेल.

पण फरक १ टक्काच असेल तर? लॉग प्रमाण रोज ०.०४६ ने सरकेल, म्हणजे १५० च्या जागी १५३. आणि निव्वळ योगायोगाने, काहीही फरक नसताना, ३०० मोजल्या तर आकडा १३३ ते १६७ मध्ये कुठेही येऊ शकतो, शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे १५३ बघून "आमचा स्ट्रेन पुढे गेला" म्हणणाऱ्याकडे पुरावा काहीच नाही. मग काय करायचं, तर सहा दिवस चालवा, तोपर्यंत १७० च्या आसपास जाईल, आणि एक ट्यूब नको, सहा लावा म्हणजे एकूण १८०० कॉलनी होतात आणि फरक पकडीत येतो. बघा, पिपेटची एकही टिप न वापरता तुम्हाला कळलं की किती ट्यूब आणि किती दिवस. याच्यासाठीच आधी हिशोब.

मग कुणी म्हणेल दोन महिने चालवू, अजून चांगलं. तिथे दुसरा हिशोब आडवा येतो. या सेटअपमध्ये दिवसाच्या शेवटी फ्लास्कमध्ये ५० कोटी पेशी, त्यातल्या ५० लाख पुढे जातात. ई. कोलायला एका पिढीत पूर्ण जीनोममागे (पेशीच्या सगळ्या डीएनएमागे) साधारण हजारात एक म्युटेशन (डीएनएतला बदल) होतं, तर रोज नवीन बनणाऱ्या जवळपास ५० कोटी पेशींमध्ये ५ लाखांच्या आसपास म्युटेशन. जीनोम ४६ लाख बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, प्रत्येक जागी तीन पर्याय, म्हणजे महिनाभरात एका साध्या फ्लास्कमध्ये शक्य असलेल्या एक-अक्षरी बदलांच्या संख्येएवढी म्युटेशन होऊन जातात. हा आकडा मला अजूनही थरारक वाटतो. अर्थात बहुतेक पातळ करतानाच वाहून जातात. फायद्याचं म्युटेशन सुद्धा सुरुवातीला एकाच पेशीत असतं, ते टिकायची शक्यता त्याच्या फायद्याच्या साधारण दुप्पट, हे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२७ मध्येच दाखवलं, म्हणजे १० टक्के फायदा असेल तरी पाचातून चारदा ते हरवणार. रोजच्या पातळ करण्याने हा आकडा थोडा बदलतो पण अंदाजाला पुरे. (हेच हॉल्डेन १९५७ ला भारतात आले, आधी कोलकात्याच्या आयएसआयला, आणि शेवटी भुवनेश्वरला राहिले, १९६४ ला तिथेच गेले. आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं.)

टिकलं तर दिसायला किती दिवस? ५० लाखात एक पासून निम्म्यापर्यंत जायला लॉग प्रमाण १५.४ ने वाढायला हवं, रोज ०.४५ म्हणजे ३४ दिवस. तर निष्कर्ष असा की दोन स्ट्रेनची तुलना करायची असेल तर एक आठवडा, दोन आठवडे ठीक, त्यापुढे नवीन म्युटंट तुमच्या तुलनेत घुसतात आणि आपण काय मोजतोय तेच कळत नाही. आणि उलट, इव्होल्युशनच बघायचं असेल तर दहा दिवसांच्या प्रोजेक्टमध्ये काही दिसणार नाही, किमान दोन-तीन महिने धरा.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये टाका. एका कॉलममध्ये दिवस, एकात अपेक्षित लॉग प्रमाण, आणि तिसरा कॉलम रिकामा, त्यात खरे आकडे येतील. पायथॉन येत असेल तर उत्तम, नसेल तर यासाठी शिकत बसू नका, नंतर शिका.

पायरी ४: बेंचवर

दोन्ही स्ट्रेन वेगवेगळे एक दिवस त्याच मीडियात, त्याच तापमानाला वाढवा आणि मगच एकत्र करा, नाहीतर एक ताजा आणि एक झोपलेला अशी शर्यत लागते आणि पहिल्या दिवसाचा निकाल त्याचाच असतो. एकत्र केल्या केल्या लगेच प्लेट करा, शून्य दिवसाचा आकडा हातात असायलाच हवा, "आम्ही सारखं सारखं टाकलं होतं" हे चालत नाही. मिलीला ५ कोटी पेशी असतील तर १०,००० पट पातळ करून ५० मायक्रोलिटर पसरवले की साधारण २५० कॉलनी येतात, मोजायला सुखाचं. एलबी ब्रॉथसारखा दाट मीडिया असेल तर अजून शंभरेक पटीच्या घरात पातळ करावं लागेल, एकदा आधी करून बघा.

फक्त ओडीवर (कल्चर किती प्रकाश अडवतं त्याच्या मापावर) विसंबून राहू नका. ओडी एकूण गढूळपणा सांगतो, कुणाचा किती ते नाही, आणि दाट कल्चरमध्ये तो खाली खोटा वाचतो.

स्ट्रेन वेगवेगळ्या ट्यूबमध्ये वाढवत असाल तर दोन रंगांच्या ट्यूब एकाआड एक ठेवा. एकाची टिप दुसऱ्यात गेली तर चुकीच्या रंगाची कॉलनी उगवते आणि चोरी पकडली जाते. एक ट्यूब नुसत्या मीडियाची, काहीही न टाकलेली, रोज तशीच ट्रान्सफर करत राहा, ती गढूळ झाली त्या दिवशी सगळं थांबवायचं. ट्रान्सफरची वेळ ठरलेली ठेवा. लाईट गेली, शेकर बंद पडला, इन्क्युबेटर तापला, हे सगळं वहीत वेळेसकट लिहा, आपल्याकडे उन्हाळ्यात हे होणारच आणि नंतर आकडा वेडावाकडा आला तर कारण याच नोंदीत सापडतं.

आणि फ्रीज करा! ठरलेल्या दिवसांनी कल्चरमध्ये ग्लिसरॉल घालून उणे ८० ला. लेन्स्कींच्या प्रयोगात दर ५०० पिढ्यांना म्हणजे ७५ दिवसांनी हे होतं. याचा उपयोग काय ते सांगतो. २००३ मध्ये त्यांचा एक फ्लास्क जास्त गढूळ दिसला, कंटॅमिनेशनच वाटावं असा, तपासलं तर त्यातला ई. कोलाय ऑक्सिजन असताना सायट्रेट खायला शिकला होता, जे ई. कोलाय सहसा करत नाही, साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर. आता प्रश्न, हे कुठल्याही वेळी होऊ शकलं असतं की आधी काहीतरी घडावं लागलं? झॅकरी ब्लाउंट यांनी फ्रीजरमधून वेगवेगळ्या पिढ्यांचे पूर्वज काढून पुन्हा पुन्हा वाढवले, आणि सायट्रेट खाणारे उशिराच्या पिढ्यांमधूनच परत निघाले, मूळ पूर्वजापासून नाही. म्हणजे आधीच्या म्युटेशननी वाट तयार केली होती. २००८ ला हे छापून आलं. फ्रीजर नसता तर ही फक्त एक चमत्कारिक गोष्ट राहिली असती, तिचा तपास होऊच शकला नसता.

वापरलेलं सगळं १२१ अंशाला, १५ पाउंडावर, किमान २० मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक), मगच टाकायचं.

पायरी ५: आकडे आले, आता मॉडेलसमोर ठेवा

समजा शून्य दिवशी १५०-१५०, एका दिवसाने १२०-१८०. जिंकणारा ०.५ वरून ०.६ वर गेला आणि सगळे १०० पट वाढले, म्हणजे तो १२० पट वाढला, हरणारा ८० पट. १२० चा लॉग ४.७९, ८० चा ४.३८, भागाकार १.०९. हा तुमचा रिलेटिव्ह फिटनेस. सहा ट्यूबचे सहा आकडे काढा आणि त्यांचा पसारा बघा, नुसती सरासरी सांगू नका.

मग लॉग प्रमाण विरुद्ध दिवस असा ग्राफ काढा. मॉडेल म्हणतं सरळ रेष. सरळ आली तर छान, तिचा चढ तुमचं उत्तर. पण वाकली तर खरी मजा सुरू होते. आधी वर चढून मग सपाट होत असेल तर जास्त झाल्यावर जिंकणाऱ्याचा फायदा कमी होतोय, म्हणजे काहीतरी इकॉलॉजी चालू आहे, कदाचित दुसरा जिंकणाऱ्याने कचरा म्हणून टाकलेला ॲसिटेट खातोय. दोन आठवड्यांनी रेष एकदम उलटी फिरली तर हरणाऱ्याच्या बाजूला नवीन म्युटंट आला असणार, फ्रीज केलेलं काढून तपासा. अशा वेळी मॉडेलमध्ये एकावेळी एकच गोष्ट घाला, आणि ती खरी असेल तर अजून काय दिसायला हवं ते लिहून नवा प्रयोग करा. पाच पॅरामीटर घालून रेष बिंदूंवरून नेता येते, पण त्यातून कळत काहीच नाही.

मॉडेल चांगलं की वाईट हे ठरवायची माझी आवडती पद्धत २०१३ च्या एका कामातली आहे. वायझर, रिबेक आणि लेन्स्की यांनी विचारलं, फिटनेस वाढता वाढता एका छताला टेकतो का? दोन समीकरणं घेतली, एकाला छत आहे, दुसऱ्याला नाही, दुसऱ्यात वाढ मंदावत जाते पण थांबत नाही. मग फक्त पहिल्या २०,००० पिढ्यांच्या डेटावर बसवून ५०,००० पर्यंतचं भाकीत केलं. बिनछताच्या समीकरणाचं बरोबर आलं. तुम्हीही हेच करा, पहिल्या चार दिवसांवर मॉडेल बसवा आणि पुढच्या चारांचं भाकीत आधी लिहून ठेवा.

पायरी ६: इकॉलॉजीकडे

कोण जिंकतं यावरून पुढे गेलात की प्रश्न येतो, दोघं एकत्र टिकतील का. त्याची कसोटी थिअरीने सोपी करून दिली आहे: प्रत्येकाला दुसऱ्याच्या गर्दीत थोडासाच टाकून बघा. ९५ ला ५ आणि ५ ला ९५ अशा दोन ट्यूब लावा. दोन्हीत जो कमी आहे तो वाढला तर ते एकत्र टिकतात. दोन्हीत एकच जिंकला तर दुसरा जाणार. दोन्हीत जो जास्त तोच जिंकला तर सुरुवात कशी झाली त्यावर सगळं ठरतं. फक्त निम्मे-निम्मे लावणाऱ्याला या तिन्हीतला फरक कळूच शकत नाही.

यीस्टवर हे फार छान दिसतं. साखर फोडायला यीस्ट इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम बनवतं, पण ती पेशीच्या बाहेरच्या बाजूला फुटते आणि तयार झालेल्या ग्लुकोजचा साधारण ९९ टक्के भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाहून जातो. मग इन्व्हर्टेज न बनवणारे आयतं खाणार आणि बनवणारे संपणार असं वाटेल. जेफ गोर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की तसं होत नाही, स्वतःजवळ राहणारा तो १ टक्का पुरतो, बनवणारे कमी असले की ते वाढतात, न बनवणारे कमी असले की ते वाढतात, आणि शेवटी दोघं राहतात. कारण १ टक्क्यात दडलेलं होतं आणि ते गेम थिअरीच्या भाषेत मांडल्यावर स्पष्ट झालं.

दोनावर हात बसला की तीन. फ्रीडमन, हिगिन्स आणि गोर यांनी २०१७ मध्ये मातीतले आठ बॅक्टेरिया घेऊन आधी जोड्या लावल्या, मग त्यावरून तिकड्यांचं भाकीत केलं, नियम साधा, जे जोडीजोडीने एकमेकांसोबत टिकतात तेच तिकडीत टिकतील, आणि बहुतेक वेळा तो बरोबर आला. आठ जातींच्या २८ जोड्या आणि ५६ तिकड्या होतात, कॉलेजात ते झेपणार नाही, पण चार जाती घ्या, कॉलनीचा रंग-आकार सहज ओळखता येईल अशा. सहा जोड्या, दोन सुरुवाती, तीन-तीन ट्यूब म्हणजे ३६. चार तिकड्या तीन-तीन म्हणजे १२. एकूण ४८ ट्यूब, दोघा-तिघांच्या ग्रुपला दोन रॅकमध्ये बसणारं काम. जोड्यांचे निकाल आले की तिकड्या लावण्याआधी चारही भाकितं वहीत लिहा आणि मैत्रिणीची सही घ्या. जी तिकडी भाकिताप्रमाणे वागणार नाही ती पुन्हा लावा, आणि परत तसंच आलं तर बाकीच्या तिन्ही बाजूला ठेवून तिच्याच मागे लागा, तिसरा आल्यावर पहिल्या दोघांमधलं नक्की काय बदललं ते शोधा. तिथे अडलात तर पुण्याचं आयसर, आयआयटी बॉम्बे, बंगळुरूचं एनसीबीएस या ठिकाणी असं काम करणाऱ्या लॅब आहेत, तुमचा ग्राफ आणि तुमचं भाकीत दोन्ही जोडून मेल करा.